बीपीटीएच (फिजिओथेरपीची डिग्री) सोडून कायनेसिऑलॉजीला ट्रान्सफर घ्यायचाय? औरंगपुऱ्यातल्या कौन्सिलिंग सेंटरचा आमचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. पाचपैकी साडेचार स्टार. घरातलं कुणी फिजिओ, बीएस्सी नाहीतर बीपीएड करायलंय आणि मधूनच त्याच्या मनात कॅनडाला जाऊन कायनेसिऑलॉजी (माणसाच्या हालचालीचं शास्त्र) अँड हेल्थ सायन्सची डिग्री करायचं आलंय, तर संभाजीनगरला औरंगपुऱ्यात पुस्तकांच्या दुकानांच्या वर हे जे लहानसं सेंटर आहे तिथं पैसे भरून जा. पैसे भरून हे मुद्दाम लिहिलंय, कारण फुकट सल्ला देणारे शहरात जागोजागी बसलेत आणि आम्हीही आधी तिकडंच गेलो होतो.

आमचा धाकटा भाऊ बीपीटीएचच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मराठवाड्यातल्याच कॉलेजात, नीट देऊन रीतसर मिळालेली सीट. पोरगं शाळेपासून खो-खो खेळतं. पेशंटवर इलाज करायला त्याला आवडत नाही असं नाही, पण त्याचा खरा जीव गुंतलाय तो माणूस हलतो कसा यात. परभणीला सुट्टीत आला की संध्याकाळी ग्राउंडवर मोबाईल विटेला टेकवून ठेवतो, खांबाला वळसा घालणाऱ्या पोरांचे स्लो मोशन व्हिडिओ काढतो आणि रात्री एकेक फ्रेम थांबवून बघत बसतो, पाय टेकला तेव्हा गुडघा आत झुकला का, टाच उचललेली होती का, अंगाचा भार नेमका कुठं होता. मातीत पाय जरा सरकतो, मॅटवर तो जागीच धरला जातो आणि वळताना सगळा पीळ गुडघ्यावर येतो असं त्याचं म्हणणं आहे आणि ते मोजून बघायचं त्याला वेड लागलंय. त्यात २०२५ च्या जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत आपल्या बीडच्या अविनाश साबळेच्या गुडघ्याचं एसीएल (आतलं लिगामेंट) गेलं, तेव्हापासून तर घरात दुसरा विषयच नाही.

हे सगळं शिकवणारी डिग्री म्हणजे कायनेसिऑलॉजी. बायोमेकॅनिक्स, मोटर कंट्रोल, एक्सरसाइज फिजिऑलॉजी, जोडीला न्यूट्रिशन, सायकॉलॉजी, एपिडेमिऑलॉजी, स्टॅटिस्टिक्स. जमिनीवर पाय किती जोरानं पडतो ते मोजणाऱ्या फोर्स प्लेट, अंगाला मार्कर लावून हालचाल टिपणारे कॅमेरे, स्नायूंची ईएमजी, म्हणजे त्यातले विजेचे संकेत मोजणं. टोरांटोच्या यॉर्क युनिव्हर्सिटीत कायनेसिऑलॉजी अँड हेल्थ सायन्सची वेगळी स्कूलच आहे, वॉटरलू युनिव्हर्सिटीचा विभाग तर १९६७ पासूनचा, जगातला पहिला म्हणून ओळखला जातो. आपल्याकडं बीपीटीएचमध्ये कायनेसिऑलॉजी हा विषय आहे पण विषय असणं आणि अख्खी डिग्री त्यावर असणं यात फरक आहेच.

तर पहिलं ऑफिस. नाव लिहिणार नाही. मोठी काच, एसी, भिंतीवर व्हिसा मिळालेल्या पोरांचे फोटो. तिथल्या सरांनी मार्कशीट बघितली न बघितली आणि सांगून टाकलं, दोन वर्षांचे सगळे क्रेडिट (झालेल्या कोर्सचं तिकडं धरलं जाणारं माप) मिळतात, सरळ थर्ड इयरला बसेल. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, विचारलं की लेखी मिळेल का, तर म्हणे युनिव्हर्सिटी नंतर देते. पुढच्या भेटीला युनिव्हर्सिटीचं नावच गायब, त्याऐवजी एका कॉलेजचा फिटनेसचा दोन वर्षांचा डिप्लोमा समोर आला. आधी तिकडं पोचा, मग तिथून युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर मारू. आणि वर, इकडचं कॉलेज आत्ताच कॅन्सल करा म्हणजे पोराचं लक्ष एकीकडं राहील. आईनं हे ऐकलं आणि घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलली नाही. नीटसाठी लातूरला ठेवलेलं पोरगं, त्यावर झालेला खर्च, आणि ती सीट कुणीतरी दोन मिनिटांत सोडून द्या म्हणतंय.

माझ्या मैत्रिणीच्या भावानं मग या सेंटरचं सांगितलं. मॅडम एकट्याच चालवतात, मदतीला एक मुलगी आहे. फोनवरच पहिलं वाक्य, मार्कशीट नंतर बघू, सिलॅबस घेऊन या. सगळा, दोन्ही वर्षांचा, तासांसकट. आम्हाला वाटलं सिलॅबस काय बघायचा, तो तर सगळीकडं सारखाच. तिथं गेल्यावर कळालं की ट्रान्सफरचं सगळं काम त्यातच आहे.

त्यांनी टेबलावर एक मोठा कागद पसरला. डाव्या बाजूला आपल्याकडचे विषय, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या सिलॅबसमधून, प्रत्येकापुढं थिअरीचे तास, प्रॅक्टिकलचे तास, पुस्तक कोणतं, परीक्षा किती मार्कांची. उजव्या बाजूला तिकडचे कोर्स, युनिव्हर्सिटीच्या कॅलेंडरमधून (कोर्सची सगळी माहिती असते ती पुस्तिका) एकेक काढून. आपल्याकडं वर्षाचा पॅटर्न, तिकडं सेमिस्टरचा. तिकडचा साधा एका टर्मचा कोर्स म्हणजे आठवड्याला तीन तास, बारा आठवडे, म्हणजे ३६ तासांच्या आसपास लेक्चर. आपली अ‍ॅनाटॉमी वर्षभर चालते, डिसेक्शन धरून तास कितीतरी जास्त, तर ती नुसती अ‍ॅनाटॉमी म्हणून लिहून पाठवायची नाही, तासांसकट चॅप्टर उलगडून पाठवायची म्हणजे समोरचा माणूस ती दोन कोर्सच्या बरोबरीची धरू शकतो. हे मला कुणी सांगितलंच नसतं. पेन्सिलीनं त्या रेघा ओढायल्या आणि धाकटा शेजारी बसून एकेक चॅप्टर सांगायलाय, असा आख्खा दुपारचा वेळ गेला, मध्ये चहा झाला, अण्णा खुर्चीत बसल्या बसल्या पेंगले पण मॅडम उठल्या नाहीत.

अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री यांना समोर जोडी सापडली. आपल्याकडच्या कायनेसिऑलॉजीला तिकडच्या बायोमेकॅनिक्सची जोडी लावता येते का यावर त्यांनी प्रश्नचिन्ह टाकलं, कारण तिकडं त्यात गणित आणि फिजिक्स जास्त असतं, टॉर्क, बल यांची आकडेमोड करून उत्तरं काढावी लागतात, आपल्याकडं सांध्याचं वर्णन जास्त. इलेक्ट्रोथेरपीपुढं तर त्यांनी सरळ लिहिलं की मिळालाच तर मोकळा इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय म्हणून, नाहीतर नाही. फिजिओचा सगळ्यात मेहनतीचा भाग, क्लिनिकल, तो तिकडच्या कायनेसिऑलॉजीच्या चौकटीत बसतच नाही. आणि उजव्या बाजूला काही खणांपुढं डावीकडं काहीच नव्हतं, स्टॅटिस्टिक्स, रिसर्च मेथड्स, मोटर कंट्रोल, यॉर्कला तर खेळांचे प्रॅक्टिकम कोर्सही करावे लागतात. हे तिकडं जाऊन पहिल्यापासून करायचं.

मग त्यांनी जे सांगितलं ते सगळ्यांनी ऐकावं असं आहे. किती क्रेडिट मिळाले यापेक्षा ते कुठं बसले हे बघा. ऑनर्स डिग्री १२० क्रेडिटची. समजा ३० क्रेडिट दिले पण त्यातले बरेचसे नुसते इलेक्टिव्ह म्हणून टाकले, तर कागदावर एक वर्ष वाचलं दिसतं आणि खरं तर पुढच्या वर्षाच्या कोर्सला आधी लागणारे कोर्स झालेले नसल्यामुळं पोरगं पहिल्या-दुसऱ्या वर्षातच बसतं, एकामागं एक कोर्स लागतात म्हणून वर्ष कमी होत नाही. वर प्रत्येक युनिव्हर्सिटीची अट असते की अमुक इतकं आमच्याकडंच करायला पाहिजे, यॉर्कला कमीत कमी ३० क्रेडिट आणि मुख्य विषयाचे निम्मे तिथंच. म्हणजे सगळं ट्रान्सफर होतं हे वाक्य जो कुणी बोलतो त्यानं नियम वाचलेले नाहीत. मॅडमचा त्यांच्या कागदावरचा अंदाज, धरून चाला की एक वर्ष वाचेल, दोन वाचतील असं समजून पैशाचा हिशोब करू नका. आणि पक्का आकडा फक्त युनिव्हर्सिटीच देऊ शकते, तोही बहुतेक वेळा ऑफर आल्यावर.

दुसरी गोष्ट बारावीची. आमच्या पोरानं मॅथ्स सोडलेलं, पीसीबी ग्रुप, इकडं नीटवाल्या पोरांचं बहुतेक असंच असतं. तिकडं कायनेसिऑलॉजीला बऱ्याच ठिकाणी बारावीचं मॅथ्स मागतात. यॉर्कला याच विषयात बीए आणि बीएस्सी अशा दोन वाटा आहेत आणि दोन्हींच्या अटी वेगळ्या. आपल्याकडं बीए म्हणलं की लोक नाक मुरडतात, अण्णांनीही मुरडलं, पण मॅडमनी दोन्हींची कोर्सची यादी शेजारी शेजारी ठेवून दाखवली, मुख्य कोर्स बरेचसे तेच, बीएस्सीत वरून सायन्सचे जास्त. आता धाकट्यानं मॅथ्सची वेगळी तयारी चालू केलीय, बायोमेकॅनिक्स शिकायचंच असेल तर ते टाळून चालणार नाही हे त्याचं त्यालाच पटलं.

या रिव्ह्यूत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इथून पुढं. मॅडमनी पोराला विचारलं, पाच-सात वर्षांनी तू काय करतोयस? तो म्हणाला लॅबमध्ये आहे, खेळाडूंच्या हालचालीवर काम करतोय. मग विचारलं, परभणीत क्लिनिक? तर जरा थांबून म्हणाला, तेही चालेल. तिथं त्यांनी पेन खाली ठेवला. कायनेसिऑलॉजीची डिग्री घेऊन तू फिजिओथेरपिस्ट होत नाहीस, ना इकडं ना तिकडं. भारतात फिजिओथेरपी आता २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर कमिशनच्या कायद्याखाली येते, तिथं बीपीटीएचच लागतं. कॅनडात फिजिओ व्हायला मास्टर्स लागतं, कायनेसिऑलॉजी ही त्या मास्टर्सकडं जायची एक वाट आहे पण सीट थोड्या आणि चढाओढ मोठी. ओंटारिओत १ एप्रिल २०१३ पासून कायनेसिऑलॉजिस्ट हा स्वतःच रजिस्टर होणारा पेशा आहे, त्याचं वेगळं कॉलेज म्हणजे नियामक संस्था आहे, परीक्षा आहे, रजिस्ट्रेशनशिवाय ते नाव लावता येत नाही. चांगला पेशा आहे, पण तो वेगळा आहे.

आणि मग त्यांनी असा रस्ता दाखवला ज्यात त्यांचा एक रुपयाचा फायदा नाही. बीपीटीएच पूर्ण कर, इंटर्नशिप धरून साडेचार वर्षं, मग कायनेसिऑलॉजीत मास्टर्सला जा. पूर्ण डिग्री हातात असली तर कॅनडाच्या फिजिओ नियामकांच्या अलायन्सकडून क्रेडेन्शियल तपासून घेऊन परीक्षेची वाटही उघडी राहते, अर्धवट बीपीटीएचला तिथं काही किंमत नाही. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेशी शिष्यवृत्तीही पीजी आणि पीएचडीला आहे, यूजीला नाही. ज्यांच्या घरची परिस्थिती बेताची आहे त्यांनी हे वाक्य दोनदा वाचा. पहिल्या ऑफिसात यातलं अक्षर निघालं नव्हतं.

धाकटा दोन दिवस गप्प होता. मग म्हणाला, ताई मला लॅबच पाहिजे, पण मी सेकंड इयर सोडणार नाही. मला तो त्या क्षणी लय मोठा वाटला.

पैशाचं थोडक्यात. परदेशी पोरांना ट्यूशन फी तिथल्या पोरांच्या कितीतरी पट असते, ती ज्या त्या युनिव्हर्सिटीच्या साइटवर बघा. त्याशिवाय स्टडी परमिटला राहण्याखाण्याचे पैसे दाखवावे लागतात, १ सप्टेंबर २०२५ पासून एकट्या विद्यार्थ्याला २२,८९५ कॅनेडियन डॉलर, म्हणजे दर धरून चौदा लाखांच्या आसपास. २०२४ च्या जानेवारीपासून बॅचलर डिग्रीला प्रांताचं अटेस्टेशन लेटरही (प्रांत सरकारचं संमतीचं पत्र) लागतं. झटपट व्हिसाची जी एसडीएस स्कीम होती ती ८ नोव्हेंबर २०२४ ला बंद झाली, अजून काही लोक तिच्याच नावानं पोरं गोळा करायलेत. आणि त्याच तारखेपासून कॉलेज बदलायचं तर नवीन स्टडी परमिट काढावं लागतं, त्यामुळं आधी कुठल्याही कॉलेजात पोचा मग ट्रान्सफर मारू हा पहिल्या ऑफिसातला प्लॅन म्हणजे पोराला परत एकदा परमिटच्या रांगेत उभं करणं. डिप्लोमावाल्यांना नंतरच्या वर्क परमिटसाठी आता ठराविक यादीतलेच विषय लागतात, बॅचलर डिग्रीला ती अट नाही, हेही मॅडमनीच सांगितलं.

व्हिसाची फाइल मात्र त्या स्वतः भरत नाहीत. कॅनडाच्या कायद्यानं पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला द्यायला लायसन्सवाला कन्सल्टंट नाहीतर वकील लागतो, माझ्याकडं ते लायसन्स नाही, असं स्वच्छ सांगतात. लायसन्स नंबर कसा तपासायचा ते दाखवतात. काही लोकांना ही अडचण वाटेल, एकाच ठिकाणी सगळं पाहिजे असतं. मला उलट त्यामुळंच भरवसा वाटला.

फी दहा-बारा हजारांच्या घरात, कामाप्रमाणं, आधी लिहून देतात, पावती मिळते. कुठल्या कॉलेजकडून कमिशन घेत नाहीत हे त्या कागदावर सही करून देतात. फुकटवाल्यांचं पोट कमिशनवर असतं, तिकडचं जे कॉलेज जास्त देतं तिकडं पोरगं जातं, त्यापेक्षा हे परवडलं.

आता अर्धा स्टार का कापला. जिना अरुंद आणि उभा, लिफ्ट नाही, अण्णांच्या गुडघ्यांना लय त्रास झाला. औरंगपुऱ्यात गाडी लावायला जागा मिळणं अवघडच, रिक्षानं या. अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, जून-जुलैत तर नाहीच, आणि व्हॉट्सअ‍ॅपला उत्तर यायला दोन-तीन दिवस लागतात. परभणी, हिंगोली, नांदेडकडून येणाऱ्यांनी एका चकरेत जास्तीत जास्त काम उरकायचं ठरवून या. कागदाची मॅपिंग झाल्यावर फी परत मिळत नाही. आणि सगळी फाइल इंग्रजीत असते, आईबापाला द्यायला दोन पानं मराठीत असायला पाहिजेत, तोंडी त्या मराठीतच समजावतात पण घरी आल्यावर आईनं मलाच पाचदा विचारलं. हे मी त्यांना सांगितलंय, करू म्हणाल्यात.

ट्रान्सक्रिप्टचं मुद्दाम लिहिते कारण त्यात वेळ जातो. बीपीटीएचवाल्यांचं विद्यापीठ नाशिकला, बीएस्सी-बीपीएडवाल्यांचं संभाजीनगर नाहीतर नांदेड. कॉलेजच्या प्राचार्यांची सही असलेला सिलॅबस आणि विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट हे दोन वेगळे कागद आहेत, दोन्ही काढा, आणि युनिव्हर्सिटी बंद पाकीट मागते की विद्यापीठाकडून थेट मेल, ते अर्ज करायच्या आधी बघा, नाहीतर परत चक्कर. नाशिकला जावंच लागलं तर आमच्याकडून तपोवन एक्सप्रेस बरी पडते. आयईएलटीएसचा स्कोअर दोनच वर्षं चालतो, उगीच घाईत देऊन ठेवू नका, ६.५ च्या आसपास बहुतेक ठिकाणी मागतात.

अर्जासोबत हाच कोर्स का करायचाय ते लिहून द्यायचं असतं, त्या स्टेटमेंटचंही एक सांगते. धाकट्यानं नेटवरून उचललेलं एक लिहून नेलं होतं, लहानपणापासून मला आरोग्यसेवेची आवड वगैरे. मॅडमनी ते बाजूला ठेवलं आणि म्हणल्या, तुझा तो खांबाचा व्हिडिओ दाखव. बघितला, परत बघितला, मग विचारायलेत, हा पाय कुठला, इथं गुडघा आत का गेला, मॅटवर काय होतं, तुझ्याकडं मोजायला काय आहे आणि काय नाही. तो बोलत गेला, त्या लिहीत गेल्या. त्यातूनच स्टेटमेंट उभं राहिलं, एक ओळ त्यांनी पदरची घातली नाही, फक्त इंग्रजी नीट केलं. आता ते वाचलं की आमचं पोरगंच बोलतंय असं वाटतं.

सध्या अर्ज गेलेत, दोन युनिव्हर्सिटींना, सिलॅबसची सगळी पानं जोडून. धाकटा रोज कॉलेजला जायलाय, परीक्षेची तयारी चालू आहे. अण्णांची अट एकच, क्रेडिट कुठल्या कोर्सपुढं किती हे युनिव्हर्सिटीच्या लेटरहेडवर आल्याशिवाय इकडच्या सीटला हात लावायचा नाही, आणि मॅडमनी ही अट फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलीय.

जाताना सोबत न्यायचं ते असं, दहावी-बारावीच्या मार्कशीट, झालेल्या वर्षांच्या मार्कशीट, तासांसकट सिलॅबस, पासपोर्ट असेल तर त्याची झेरॉक्स, आणि पोराला स्वतःला घेऊन जा, आईबाप एकटे गेले तर मॅडम बोलत नाहीत. रविवारी बंद असतं.